डेकवरचा कर्ता कोण?

गोव्यात दाबोळीला ‘आयएनएस हंसा’ या नौदलाच्या हवाई तळावर जमिनीवरच एक डेक बांधलेला आहे. त्याच्या टोकाला वर वळत गेलेला स्की-जंप आहे आणि उतरणाऱ्या विमानाला अडवण्यासाठी आडव्या ताणलेल्या पोलादी तारा आहेत. समुद्रातल्या नौकेवर उतरण्याआधी विमानाला इथे उतरून दाखवावं लागतं. ‘तेजस’च्या नौदल आवृत्तीने १३ सप्टेंबर २०१९ रोजी इथे पहिल्यांदा तारेत हूक अडकवून थांबण्याची परीक्षा दिली. चार महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० रोजी, ते विमान ‘आयएनएस विक्रमादित्य’च्या चालत्या डेकवर उतरलं. वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर. ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने आलेलं विमान जेमतेम ९० मीटरमध्ये, अडीच सेकंदांच्या आसपास थांबलं.

हे विमान उतरवलं कुणी?

मावळणकरांनी, हे उत्तर बरोबर आहे आणि तो मान त्यांचाच आहे. पण त्या अडीच सेकंदांत काय घडतं ते पाहिलं की हेच उत्तर अपुरं वाटू लागतं. विमानवाहू नौकेवर उतरताना चाकं डेकला टेकतात त्या क्षणी वैमानिक इंजिनाची ताकद कमी करत नाही, उलट ती पूर्ण वाढवतो. हूक एकाही तारेत अडकला नाही तर त्याला पुढच्या क्षणी पुन्हा हवेत जायचं असतं आणि तेवढा वेग हाती नसेल तर समोर फक्त समुद्र असतो. म्हणजे ज्याला आपण विमान उतरवणारा म्हणतो, त्याचे हात त्या क्षणी उड्डाणाची तयारी करत असतात. विमान थांबवते ती तार. तारेचा ताण येणाऱ्या विमानाच्या वजनानुसार डेकखालच्या यंत्रावर कुणीतरी आधीच लावून ठेवलेला असतो. नौकेचं नाक वाऱ्याकडे वळवून ठेवणारे अधिकारी वर ब्रिजवर असतात. डेकच्या कडेला उभा असलेला लँडिंग सिग्नल ऑफिसर विमानाची उंची आणि रोख डोळ्यांनी मापत असतो आणि जरा शंका आली तर परत फिरायला सांगतो. आणि हे सगळं जुळून आल्यावरही नेमक्या त्या क्षणी लाट डेकला वर उचलेल की खाली नेईल, हे कुणाच्याच हातात नसतं.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात हाच प्रश्न सरळ विचारलेला आहे. कोणतंही कर्म, मग ते न्याय्य असो वा अन्याय्य, घडतं तेव्हा त्याला पाच कारणं लागतात असं कृष्ण अर्जुनाला सांगतो: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. या पाचांकडे डोळेझाक करून जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असा निर्वाळाही लगेच दिलेला आहे. शंकराचार्यांनी अधिष्ठानाचा अर्थ देह असा लावला आणि ज्ञानेश्वरांनीही तोच धरला. त्यांच्यासमोर एका माणसाच्या हातून घडणारं कर्म होतं. पण या पाच कारणांची मांडणी एका देहापुरती ठेवायची गरज नाही. शेकडो माणसं मिळून एकच कृती करतात तिथे ती जास्त लख्ख दिसते आणि आजच्या जगात अशी जागा शोधायची तर विमानवाहू नौकेच्या डेकइतकी नेमकी जागा क्वचितच सापडेल. तिथे वैमानिक हा पाच कारणांपैकी फक्त एक असतो. उरलेली चार त्याच्या हाताबाहेर असतात आणि त्या चारांवर विसंबूनच तो खाली येतो.

अमेरिकी नौकांच्या डेकवर प्रत्येकाच्या जर्सीचा रंग त्याचं काम सांगतो. पिवळी जर्सीवाला विमानांना हातवाऱ्यांनी हलवतो, हिरव्या जर्सीवाले तारा आणि विमानाला वेगाने पुढे फेकणारं कॅटापल्ट यंत्र सांभाळतात, जांभळे इंधन भरतात, लाल जर्सीवाले बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं लावतात, तपकिरी जर्सीतला पोरसवदा खलाशी एकेका विमानाची देखभाल करतो. यातले बरेचजण विशीच्या आसपासचे असतात. इंजिनांच्या आवाजात बोलणं अशक्य असतं, म्हणून सगळं इशाऱ्यांवर चालतं.

१९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काही अभ्यासकांना याच डेकने कोड्यात टाकलं. जीन रॉक्लिन, टॉड ला पोर्ट आणि कार्लिन रॉबर्ट्स यांना प्रश्न पडला होता की इतक्या धोक्याच्या, इतक्या गर्दीच्या जागी, दर काही वर्षांनी बहुतेक माणसं बदलत असतानाही अपघात इतके कमी कसे होतात. १९८७ मध्ये त्यांचा लेख आला. पुढे १९९३ मध्ये कार्ल वाईक आणि रॉबर्ट्स यांनी त्यातून ‘सामूहिक मन’ ही कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं असं की डेकवरचं शहाणपण कुणा एकाच्या डोक्यात साठलेलं नसतं. प्रत्येकजण आपलं काम दुसऱ्याच्या कामाकडे लक्ष ठेवून, त्याच्याशी जुळवून घेत करतो, आणि त्या जुळवून घेण्यातच ते शहाणपण असतं. हे जुळणं सैल झालं की एकेक माणूस कितीही हुशार असला तरी उपयोग होत नाही.

याच अभ्यासपरंपरेत नोंदलेला एक प्रसंग फार मोलाचा आहे. ‘कार्ल विन्सन’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या नौकेवर एका साध्या खलाशाच्या हातून डेकवर एक हत्यार हरवलं. पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हरसारखी लहान वस्तू जेट इंजिनात ओढली गेली तर इंजिन फुटू शकतं. म्हणून तर दिवसातून अनेकदा खलाशी डेकच्या रुंदीभर ओळ करून, नजर जमिनीवर ठेवून चालतात आणि प्रत्येक खिळा, तारेचा प्रत्येक तुकडा उचलतात. त्या खलाशाने आपण होऊन वर कळवलं. हवेत असलेली विमानं किनाऱ्यावरच्या तळांकडे वळवण्यात आली, हत्यार सापडेपर्यंत काम थांबलं. आणि दुसऱ्या दिवशी डेकवर रीतसर समारंभ करून त्या खलाशाचा गौरव करण्यात आला.

शिक्षा न देता गौरव केला, यात केवळ मनाचा मोठेपणा नव्हता. त्या खलाशाने दोन गोष्टी एकत्र करून दाखवल्या होत्या, ज्या सहसा एकत्र नांदत नाहीत. त्याने स्वतःची प्रतिमा बाजूला ठेवली आणि तरीही ‘हे माझ्याकडून झालं’ हे वाक्य सोडलं नाही. निरहंकार या शब्दाची इतकी रोखठोक फोड अनेक प्रवचनांतूनही होत नाही. अहंकार गेला म्हणजे ‘मी काही केलंच नाही’ असं म्हणायला मोकळीक मिळाली, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. डेक याच्या नेमकं उलट शिकवतो. तिथे ‘मी’ लहान होतो, पण त्याची जबाबदारी तसूभरही लहान होत नाही.

ती लहान झाली की काय होतं, हे २९ जुलै १९६७ रोजी टोंकिनच्या आखातात दिसलं. ‘फॉरेस्टल’ ही अमेरिकी नौका व्हिएतनामवर हल्ल्यांसाठी विमानं सोडण्याच्या तयारीत होती. सकाळी अकराच्या सुमारास डेकवर उभ्या असलेल्या एका फँटम विमानाचं झुनी रॉकेट आपोआप सुटलं आणि समोरच्या स्कायहॉक विमानाच्या इंधनटाकीवर आदळलं. इंधन पेटलं. दीड मिनिटाच्या आसपास पहिला बॉम्ब फुटला. नंतर एकामागून एक. १३४ माणसं मेली.

रॉकेट सुटलं ते विमानाची वीजजोडणी बदलताना आलेल्या विद्युतझटक्याने. अशा झटक्याने ते सुटू नये म्हणून दोन सुरक्षा ठेवलेल्या होत्या: एक पिन आणि एक प्लग, जो विमान उड्डाणाच्या अगदी तोंडावर असताना जोडायचा. वेळ वाचावा म्हणून प्लग आधीच जोडण्याची रीत पडली होती, कारण पिन आहेच असा भरवसा होता. पिन जागेवर नव्हती. एका सुरक्षेवर काम करणारा दुसरीवर विसंबला आणि दुसरी सांभाळणारा पहिलीवर. शिवाय आदल्याच दिवशी दारूगोळ्याच्या जहाजावरून जुने, कैक वर्षं साठवून ठेवलेले हजार पौंडी बॉम्ब आले होते, कारण नव्यांचा तुटवडा होता. हे बॉम्ब आगीत फार लवकर फुटतात. आग विझवण्याचं प्रशिक्षण घेतलेली तुकडी पहिल्या स्फोटांतच गारद झाली. मागून धावून आलेल्या खलाशांकडे हिंमत होती, शिक्षण नव्हतं. एकाने जळत्या इंधनावर फेस पसरवायचा आणि दुसऱ्याने पाण्याच्या मोठ्या झोताने तोच फेस वाहून न्यायचा, असंही झालं.

चौकशीत कप्तान जॉन बेलिंग यांच्यावर ठपका आला नाही. ‘कर्ता कोण?’ या प्रश्नाला तिथे एका नावाचं उत्तर नव्हतंच. पण अमेरिकी नौदलाने त्यातून ‘मग कुणीच नाही’ असा निष्कर्ष काढला नाही. आग विझवणं हे प्रत्येक खलाशाचं काम ठरलं, नॉरफोकच्या अग्निशमन शाळेला त्या दिवशी हातातलं छोटं अग्निशामक घेऊन बॉम्बवर धावून गेलेल्या चीफ जेराल्ड फॅरियर यांचं नाव दिलं गेलं, डेकवर पाणी आणि फेस फवारणारी यंत्रणा बसवली गेली. पाच कारणांचा धर्म हाच असावा. दोष वाटला गेला म्हणजे तो विरघळला असं होत नाही. तो प्रत्येकाकडे त्याच्या वाट्याचं काम होऊन परत येतो.

आपल्या ‘विक्रमादित्य’वरही २६ एप्रिल २०१९ रोजी कारवार बंदरात शिरताना आग लागली. लेफ्टनंट कमांडर डी. एस. चौहान विझवणाऱ्यांच्या पुढे होते. धुरात ते बेशुद्ध पडले आणि वाचले नाहीत. आग आटोक्यात आली.

दैवाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण पाचवं कारण म्हणून त्याचं नाव घेतलं की पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं. १८ मार्च २०१६ रोजी ‘आयझेनहॉवर’ नौकेवर उतरणाऱ्या ई-२सी हॉकाय विमानाला अडवणारी तार तुटली. विमान डेकच्या टोकावरून खाली गेलं, समुद्रावरून थोडक्यात सावरलं आणि आतली माणसं सुखरूप राहिली, पण सुटलेल्या तारेने डेकवरच्या आठ खलाशांना जखमी केलं. पाहणाऱ्याला हे दैव वाटलं असतं. तपासात निघालं ते असं की तारेच्या यंत्रातली एक झडप दुरुस्त करताना एक महत्त्वाची पायरी सुटली होती. दैवाच्या खात्यावर टाकलेली रक्कम तपासून पाहिली तर तिचा बराच भाग माणसांच्या खात्यावरचा निघतो. लाट, वारा, धुकं हे दैव आहे. सुटलेली पायरी दैव नव्हे.

संरक्षणाच्या बाबतीत ‘कर्ता कोण?’ हा प्रश्न आणखी कठीण होतो. विमानवाहू नौका एकटी कधीच फिरत नाही. तिच्याभोवती क्रूझर, विनाशिका, पाणबुड्या, वर टेहळणीची विमानं यांचं कडं असतं आणि येणारं क्षेपणास्त्र ओळखून पाडायला या कड्याच्या हाती मोजकी मिनिटं, कधी सेकंद असतात. २२ डिसेंबर २०२४ रोजी तांबड्या समुद्रात ‘गेटिसबर्ग’ या क्रूझरने ‘हॅरी एस. ट्रुमन’ नौकेवरचं एफ/ए-१८ विमान शत्रूचं समजून पाडलं. ज्या नौकेचं रक्षण करायचं, तिचंच ते विमान होतं. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या ड्रोन आणि क्षेपणास्त्रांशी सामना चालू असलेल्या त्या पाण्यात रडार, संगणक, क्षेपणास्त्र आणि बटणापाशी बसलेला माणूस यांच्यात ‘ठरवलं’ हे क्रियापद नेमकं कुणाला लावायचं? यंत्राला लावलं तर माणूस सुटतो आणि एकट्या माणसाला लावलं तर अन्याय होतो. करणं, म्हणजे साधनं, इतकी बलवान झाल्यावर गीतेची यादी जुनी पडत नाही, उलट तिची गरज वाढते.

इथवरचे प्रसंग अपघातांचे होते. पण विमानवाहू नौका बांधतात ती मारण्यासाठी, आणि मारण्याची धमकी टिकवण्यासाठी. म्हणून खरा प्रश्न पुढचा आहे, आणि गीता त्यालाही बगल देत नाही. पाच कारणं सांगून झाल्यावर लगेच असं म्हटलेलं आहे की ज्याच्या ठिकाणी अहंकाराचा भाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, तो माणसं मारूनही मारत नाही आणि बांधलाही जात नाही.

या विधानाचा महाराष्ट्रातला इतिहास विसरता येत नाही. जून १८९७ मध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाच्या उत्सवात अफझलखानाच्या वधाची चर्चा झाली. फळाची आसक्ती न ठेवता केलेल्या अशा कृत्याचा दोष लागत नाही, असं उत्तर लोकमान्य टिळकांनी गीतेच्या आधाराने दिलं आणि ते ‘केसरी’त छापून आलं. त्यानंतर आठवड्याभरात, २२ जूनला, चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन दीड वर्षाची शिक्षा झाली. त्या लेखाचा आणि त्या गोळ्यांचा संबंध होता की नाही, हा वाद वेगळा. पण एका आध्यात्मिक विधानाला राजकारणात कसा अर्थ येतो, हे त्या आठवड्याने दाखवून दिलं. गांधीजींनी १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनासक्तियोगा’त याच श्लोकावर टीप लिहिली. तिचा आशय असा की हा आदर्श भूमितीतल्या सरळ रेषेसारखा आहे: व्याख्येत असतो, जगात तशी परिपूर्ण रेषा सापडत नाही. अहंकार पूर्ण नाहीसा झालेला माणूस कल्पनेत आहे, म्हणून कुणी प्रत्यक्ष मारताना या श्लोकाचा आधार घेऊ नये.

टिळकांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही या एका मुद्द्यावर गांधीजींचं वाचन जास्त खरं वाटतं, आणि डेकवरची उदाहरणं त्यालाच पुष्टी देतात. आधुनिक युद्धात अहंकार आपोआप विरघळल्यासारखा वाटतो, कारण काम शेकडो हातांत वाटलेलं असतं. लाल जर्सीतल्या खलाशाने बॉम्ब अडकवला, पिवळ्या जर्सीवाल्याने विमान पुढे आणलं, वैमानिकाने सोडलं, लक्ष्य दुसऱ्याच कुणीतरी नकाशावर ठरवलं. ज्याने बॉम्ब अडकवला त्याला लक्ष्याचं गावही ठाऊक नसतं. प्रत्येकजण प्रामाणिकपणे म्हणू शकतो की मी मारलं नाही. ही निरहंकार वृत्ती नव्हे. ही फक्त श्रमविभागणी आहे. ती साधनेने आलेली नाही, व्यवस्थेने आयती दिलेली आहे, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे.

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धाचं उदाहरण जवळचं आहे. भारताच्या जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे वेग मर्यादित होता आणि उड्डाणाला लागणारा समोरचा वारा मिळवणं अवघड होतं. तरीही ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या सी हॉक आणि अलीझे विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव इथल्या धावपट्ट्या आणि बंदरांवर हल्ले केले. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याची समुद्राकडची वाट बंद झाली आणि बांगलादेशच्या मुक्तीचा दिवस जवळ आला. त्या युद्धात भारताची बाजू न्यायाची होती, हे सांगायला कचरण्याचं कारण नाही. तरी बंदर म्हटलं की तिथे हमाल असतात, तांडेल असतात, नावेवर चूल पेटवणारी कुटुंबं असतात. न्याय्य कर्मालाही पाच कारणं असतात आणि त्या कर्मात जे भरडले जातात त्यांचा हिशेब त्या पाचांपैकी कुणाला तरी ठेवावा लागतो.

त्याच युद्धात ‘विक्रांत’ला शोधत आलेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमसमोर बुडाली. ‘विक्रांत’ तिथे नव्हतीच, ती अंदमानच्या बाजूला होती. ‘आयएनएस राजपूत’ विनाशिकेने आपण ‘विक्रांत’ असल्याचा आभास रेडिओ संदेशांतून निर्माण केला होता. ‘गाझी’ कशाने बुडाली, ‘राजपूत’ने टाकलेल्या स्फोटकांनी की पाणबुडीच्या आतल्याच स्फोटाने, यावर दोन्ही देशांत आजही मतभेद आहेत. दोन्ही बाजूंचे लोक कर्त्याचा शोध घेतात तो श्रेय घेण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी. त्या पाणबुडीत नव्वदहून अधिक माणसं होती, त्यातलं कुणीही वाचलं नाही.

जुनी ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ ला सेवेतून निवृत्त झाली, बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि अखेर दारूखान्यात तोडली गेली. त्याच नावाची, भारतातच बांधलेली नवी नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात दाखल झाली. ती २६२ मीटर लांब आहे, तिच्यावर सुमारे १६०० माणसं राहतात आणि तिच्यावर सुमारे वीस हजार कोटी रुपये खर्च झाले. हे पैसे करांतून आले. पोलाद, केबल, पंप पुरवणारे शेकडो कारखाने देशभर पसरलेले आहेत. म्हणजे पाच कारणांची यादी डेकच्या कडेला संपत नाही. कर भरणारा, मत देणारा, युद्धाच्या बातमीवर टाळ्या वाजवणारा किंवा गप्प बसणारा प्रत्येक नागरिक तिच्यात आहे.

म्हणून या लेखाच्या वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखाद्या नौकेवरून विमानं उडाली आणि कुठेतरी बॉम्ब पडले अशी बातमी येईल, तेव्हा ती बाजू आपली असो वा परकी, ‘त्यांनी केलं’ असं म्हणून थांबू नका. लक्ष्य कुणी ठरवलं, कोणत्या माहितीवर ठरवलं, खाली कोण होतं, आणि चूक झाली असेल तर ती कबूल करणाऱ्याला शिक्षा मिळाली की ‘कार्ल विन्सन’वरच्या त्या खलाशासारखा मान मिळाला, हे विचारा. आणि बातमी आपल्या देशाच्या नौकेची असेल, तर हे प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधीला लेखी विचारा.